बंद गाडीवरचे डॉक्टर

मुल्ला डॉक्टर गावात कधी आले ते कळायचंच नाही. दुसऱ्या कुणाची मोटारसायकल खिंड उतरू लागली की आधी आवाज येतो, मग कुत्री भुंकतात, मग माणूस दिसतो. डॉक्टरांची गाडी खिंडीच्या माथ्यावरच बंद व्हायची आणि तिथून तीन किलोमीटर नुसती घरंगळत आमच्या दूध संस्थेच्या दारात येऊन थांबायची. मी आत दुधाची फॅट काढत बसलेलो असायचो. मान वर करावी तर डॉक्टर समोर उभे. कानाला मफलर, खांद्याला औषधांची पिशवी, आणि मागं कॅरिअरला रबरी ट्यूबनं आवळून बांधलेला नायट्रोजनचा डबा.

"सेक्रेटरी, उतार फुकट हाय बगा," ते म्हणायचे. "त्याचा भाव अजून कुणी काढला न्हाई."

"आणि एखाद्या दिवशी ब्रेक लागला नाही म्हणजे?"

"ब्रेक काय पेट्रोलवर चालत न्हाईत."

हे संभाषण आमच्यात शंभर वेळा तरी झालं असेल. दर वेळी मला राग यायचा आणि दर वेळी ते तेवढ्याच शांतपणे उत्तर द्यायचे. एकदा तर एका वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि डॉक्टर डब्यासकट ओढ्यात गेले. ढोपर फुटलं. पण संस्थेत येऊन पहिलं काय विचारलं, तर डबा सांडला का बघा. त्या डब्यात वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या असत आणि नायट्रोजन उडून गेला की सगळ्या वाया. मी त्यांना फार बोललो त्या दिवशी. ढोपराला हळद लावता लावता बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिंडीच्या माथ्यावर गाडी बंद केली.

आता ते डॉक्टर म्हणजे पदवीचे डॉक्टर नव्हेत. तासगावकडचं घराणं, वडील नालबंद. बाजाराच्या दिवशी बैल आडवा पाडून त्याच्या खुरांना पत्र्या ठोकायचा त्यांचा धंदा. ट्रॅक्टर आले, बैल गेले, तेव्हा पोराला त्यांनी जनावरांचाच डिप्लोमा करायला लावला. सासुरवाडी कोरेगावची म्हणून डॉक्टर इकडे आले आणि इकडचेच झाले. सरकारी दवाखाना तालुक्याला आहे. तिथले साहेब चांगले आहेत, पण त्यांच्याकडे निम्मा तालुका आणि मीटिंगा. गाय माजावर येते ती साहेबांचं वेळापत्रक बघून येत नाही. ती वेळ हुकली की तीन आठवडे गेले, आणि तीन आठवडे गाभण न राहिलेली गाय नुसती वैरण खाते. व्यायला आलेली गाय अडली तर तिला तासांचीही सवड नसते. म्हणून आमच्या संस्थेच्या सभासदांचा जीव मुल्ला डॉक्टरांच्या फोनवर टांगलेला असायचा. फोन मला यायचा, मी डॉक्टरांना लावायचो.

"कवा माजावर आली?" त्यांचा पहिला प्रश्न.

"सकाळी."

"मग सांजच्यापातूर टाइम हाय. आदी वर चढतो, मग उतरत उतरत येतो."

त्यांच्या घरी भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला एक नकाशा होता. त्यात रस्ते नव्हते, नुसते चढ आणि उतार होते, बाणांनी दाखवलेले. दिवसात एकदाच वर जायचं आणि सगळी गावं उतारावर घ्यायची, असं त्यांनी गणित बसवलं होतं. सगळ्यात वर होती वरची वाडी, चौदा किलोमीटर नुसता चढ. तिथं जाणं म्हणजे गाडीची टाकी रिकामी करणं. तरी डॉक्टर खालच्या गावात जी फी घ्यायचे तीच वाडीवर घ्यायचे. मी एकदा म्हटलं, लांबच्याला थोडी जास्त लावा, कुणी काही म्हणणार नाही.

"गाईला काय ठावं ती लांब ऱ्हाती का जवळ," एवढंच म्हणाले.

पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा सुरुवातीला सगळे ओरडले. मग सवय झाली. मला या सवयीचाच संताप येतो. ज्याला साताऱ्याला महिन्यातून एकदा जायचं त्याला सवय होते. ज्याला रोज साठ-सत्तर किलोमीटर डोंगर चढायचा, त्याला कसली सवय होणार? वर पंपावर पाट्या लागल्या, यात वीस टक्के इथेनॉल आहे म्हणून. म्हणजे आमचाच ऊस. आम्ही लावला, आम्ही पाणी पाजलं, कारखान्यानं गाळला, त्याचं स्पिरिट करून पेट्रोलमध्ये घातलं आणि ते परत आम्हालाच त्याच भावात विकलं. वर डॉक्टरांचं म्हणणं, गाडी पूर्वीएवढी पळत नाही, लिटरमागं कमी जाते. कुणाला विचारायचं? पंपावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणे, आम्ही काय घरी बनवतो का?

डॉक्टरांनी हातावर हात धरून बसणं पसंत केलं नाही. त्यांनी विजेवरची स्कूटर घेतली. मुलगी सांगलीला कॉलेजात होती, तिनंच मोबाइलवर सगळी माहिती काढून दिली. कंपनीचा माणूस म्हणाला, एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर. ते शंभर किलोमीटर त्यानं बहुधा सपाटीवर, एकट्यानं, उपाशीपोटी मोजले असावेत. नायट्रोजनचा डबा, औषधं आणि डॉक्टर मिळून ती स्कूटर वरच्या वाडीच्या चढाला लागली की काटा डोळ्यांदेखत खाली यायचा.

मग डॉक्टरांनी त्यावरही तोड काढली. गोठ्यात शिरण्याआधी ते घरच्या बाईला म्हणायचे, "वैनी, च्या नको, प्लग द्या." गाईला तपासून, इंजेक्शन देऊन, हात धुऊन होईपर्यंत स्कूटर ओसरीत चार्जिंगला. आमच्याकडे आलेल्या माणसानं चहा नाकारला तर घरच्यांना ते लागतं. पहिल्या पहिल्यांदा बायका रुसल्या. नंतर सगळ्यांना अंगवळणी पडलं. डॉक्टर येणार म्हटलं की फ्रिजची पिन काढून प्लग मोकळा ठेवायला लागले लोक.

पण आमच्याकडे दिवसा वीज असते म्हणणाऱ्याला मी नमस्कार करेन. एका दुपारी डॉक्टर वाडीवर गेले, स्कूटर लावली आणि लाइट गेली. पाच वाजेपर्यंत आलीच नाही. खाली तीन गाई खोळंबलेल्या. मी फोनवर फोन करतोय आणि डॉक्टर सांगतायत, "आवं सेक्रेटरी, काटा लाल हाय, निम्म्या वाटंत बसंल." रिकामं बसणं त्यांना जमणारं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी वाडीतल्या सगळ्या शेरडांना जंताचं औषध पाजलं, एका बैलाचं गळू फोडलं आणि कुणाच्या तरी कोंबडीचा मोडलेला पाय काडी लावून बांधला. वाडीतले लोक खूश. म्हणाले, लाइट रोज जावी. खाली एका गाईची वेळ मात्र हुकली. तो सभासद माझ्याशी आठ दिवस बोलला नाही, जणू लाइट मी घालवली होती.

स्कूटर शेवटी मुलीला सांगलीत कॉलेजला जायला दिली. तिथल्या सपाटीवर ती अजून छान चालते म्हणे. डॉक्टर पुन्हा जुन्या मोटारसायकलवर आले. मध्ये गॅसवरच्या गाडीचाही विचार झाला. आम्ही दोघं हायवेच्या पंपावर चौकशीला गेलो तर रिक्षांची रांग पार सर्व्हिस रोडपर्यंत. एका रिक्षावाल्याला विचारलं, किती वेळ लागतो? तो डबा उघडून भाकरी खात होता. म्हणाला, "आज लवकर हाय. न्ह्यारी हितं झाली, जेवान घरी व्हईल." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "चला सेक्रेटरी. गाय थांबायची न्हाई एवढी."

तेव्हा मी ठरवलं, आता संस्थेनंच काहीतरी करायला हवं. मासिक सभेत विषय मांडला. डॉक्टरांमुळे गाई वेळेवर गाभण राहतात, गाई गाभण राहतात म्हणून दूध येतं, दूध येतं म्हणून संस्था चालते. तर संस्थेनं डॉक्टरांना आठवड्याला थोडं पेट्रोल द्यावं. फार नाही, वाडीच्या फेऱ्यांपुरतं. चेअरमन स्वतः गावातल्या गावात मोठ्या गाडीतून फिरतात. घरापासून संस्था हाकेच्या अंतरावर आहे, तरी गाडीनं येतात. ते म्हणाले, सूचना चांगली आहे, पण उद्या प्रत्येक जण पेट्रोल मागेल. एक संचालक म्हणाला, डॉक्टर आपले कर्मचारी नाहीत. दुसरा म्हणाला, ऑडिटला काय दाखवायचं? तासभर चर्चा झाली आणि ठराव झाला की डॉक्टरांच्या कार्याची दखल घेऊन वार्षिक सभेत त्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करावा. एकमतानं. इतिवृत्त मलाच लिहावं लागलं. माझ्या हातून पेन मोडायचं राहिलं.

सत्काराला डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले. शाल पांघरून घेतली, नारळ हातात धरला, चेअरमनांचं पेट्रोलच्या भाववाढीवरचं भाषण ऐकलं. खाली बसल्यावर मला हळूच म्हणाले, "शाल चांगली हाय. थंडीत वाडीवर जाताना व्हईल." ते टोमणा म्हणून बोलले नव्हते, म्हणून मला जास्तच झोंबलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात निवडणूक होती. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगतं की मतदान होईपर्यंत पेट्रोल वाढत नाही आणि मतदान झालं की वाढतं. डॉक्टरांनी ठरवलं, आधीच साठवून ठेवायचं. पंपावर कॅनमध्ये देत नाहीत. म्हणून ते गाडीची टाकी भरून आणायचे आणि नळीनं तोंडानं ओढून काढायचे. कशात काढायचं? मीच त्यांना संस्थेची जुनी दुधाची किटली दिली. वीस लिटरची, झाकणाचं रबर गेलेलं, म्हणून बाजूला पडली होती. मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली. पेट्रोल असं साठवणं हा मूर्खपणा आहे हे मला कळत होतं. पण त्या माणसासाठी मला काहीतरी करता येत होतं, आणि तेवढंच करता येत होतं.

पावसाळा लागला. पत्र्याला एक भोक होतं, ते किटलीच्या बरोबर वर होतं हे मला नंतर कळलं. डॉक्टर अधूनमधून वरचं वरचं पेट्रोल काढून वापरत होते, गाडी चालत होती. श्रावणात एका सकाळी वरच्या वाडीवरनं शेवंताकाकींचा फोन आला. काकी एकट्या, विधवा, आणि गोठ्यात एकच जर्सी गाय. तिच्या दुधावरच त्यांचं घर चालायचं. गाय पहाटेपासून कळा देतेय, पाय दिसतायत, वासरू येत नाही. डॉक्टर नेमके माझ्यासमोरच उभे होते. टाकीत पेट्रोल कमी होतं. त्यांनी किटली उचलली, तळाचं होतं नव्हतं ते सगळं टाकीत ओतलं आणि निघाले. मी घड्याळ बघितलं, सव्वाअकरा. म्हटलं, बारापर्यंत पोचतील.

चढाच्या तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. डॉक्टरांनी किका मारल्या, प्लग काढून पुसला, परत किका मारल्या. तिथं मोबाइलला रेंज नाही. अर्धा तास झटापट करून त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला सोडली आणि पिशवी घेऊन पावसात चालत निघाले. पोचायला दोन वाजले. तोवर वाडीतल्या चार गड्यांनी वाट बघून बघून वासराच्या पायांना दोरी बांधून ओढलं होतं. वासराचं डोकं आत मागं वळलेलं. ओढून ते येणार नव्हतंच. वासरू आत मेलं आणि गाय आतून फाटली. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून वासरू काढलं, सलाइन लावलं, तासभर गाईच्या मानेवर हात ठेवून बसले. गाय गेली.

काकी त्यांना म्हणाल्या, "बसा डॉक्टर. पानी घ्या. चालत आलाय."

हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. सांगताना म्हणाले, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, सेक्रेटरी."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं टाकीतलं सगळं काचेच्या बाटलीत काढलं. बाटलीत दोन थर दिसत होते. वरचा पिवळसर, खालचा पाण्यासारखा. तो म्हणाला, "हे स्पिरिटवालं प्याट्रोल साटवायचं नसतंय. जरा पानी गेलं की स्पिरिट त्याला धरून खाली बसतंय. तुमी तळाचंच वतलंय, गाडी चालंल कशी?" कारखान्याच्या परिसरात उभा जन्म गेला आमचा. इथेनॉलचे टँकर रोज दारावरून जातात. आणि ही साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. कुठल्या पाटीवर ती लिहिलीही नव्हती. मी ती किटली भंगारात घातली. त्यानं काय होणार होतं?

वाडीतले लोक स्वतःहून डॉक्टरांकडे आले. म्हणाले, आजपासून पेट्रोलचं आम्ही वेगळं देतो, तुम्ही पंपावरचं ताजं टाकून या. डॉक्टर आधी नको म्हणाले, मग पहिल्यांदाच कबूल झाले. मला वाटलं, सुटलं एकदाचं. पण झालं भलतंच. पेट्रोलचे वेगळे द्यायचे म्हटल्यावर लोक विचार करू लागले. आज बोलवावं का उद्या बघावं? आधी घरचा पाला देऊन बघू, उतार पडला नाही तर डॉक्टरांना सांगू. आधी गाय जरा सुस्त दिसली की फोन यायचा. आता ती आडवी पडली की यायचा. एकदा डॉक्टर वाडीवरून उतरले ते गाडी चालू ठेवूनच. उतारावर. दारात गाडीचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो, तर डॉक्टर. बंद करायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"त्यांचं चुकत न्हाई," ते म्हणाले. "पर मी जातोय ते निस्तं मेलेलं बगायला जातोय. चार फेऱ्या झाल्या, चारी वेळा उशीर. हे काम मला जमायचं न्हाई."

दिवाळीनंतर ते हा भाग सोडून गेले. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार होतो? जाताना नकाशाचं कॅलेंडर मला देऊ लागले. मी घेतलं नाही. कुणासाठी घ्यायचं?

मागच्या महिन्यात संस्थेच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो. काम झालं नाही, साहेब दौऱ्यावर. चिडून परत स्टँडकडे निघालो, तर एका गल्लीत कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याची पाटी दिसली. डॉक्टर अशाच कुठल्या तरी दवाखान्यात लागल्याचं ऐकलं होतं. डोकावलो, तर खरंच तेच. अंगात निळा डगला, समोर टेबलावर एक जाडजूड कुत्रं. बाहेर तीन मोठ्या गाड्या लावलेल्या. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की हातातलं इंजेक्शन तसंच धरून पुढं आले.

"बगा सेक्रेटरी," म्हणाले, "जनावर माझ्याकडं येतंय. मला कुठं जायाला लागत न्हाई. महिन्यात एक टाकी भरली तर लय झालं."

"बरं आहे मग," मी म्हटलं.

"बरं हाय," ते म्हणाले. मग इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवत, "वर कोन जातंय आता?"

"कुणी नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वरच्या वाडीतली एक सून होती. नवरा सैन्यात, घरात ती आणि सासू. गाय अडलेली. त्या बाईचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. डॉक्टरांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या कडेला ठेवला आणि दोन्ही हात मोकळे केले.

"रडू नको. कोपरापातूर हात धू. त्याल लाव. दोरी कुणाला बांधू दिऊ नको. आता हात आत घाल. पाय लागलं? डोस्कं लागतंय का?"

"न्हाई लागत, डॉक्टर."

"मागं फिरलंय. वासरू आदी आत ढकल. वढू न्हाई, ढकल. कळ आली की थांब. कळ गेली की परत." डगल्याची बाही त्यांनी खांद्यापर्यंत सरकवली होती आणि त्यांचा उजवा हात हवेत, टेबलाच्या वर, काहीतरी ढकलत होता. "आता बरगड्यांवरनं मागं जा. मान सापडंल. मानंवरनं फुडं. तोंड लागलं? तोंडाच्या कोपऱ्यात बोटं अडकव. आन् हिकडं घे. हळू. हिकडं."

त्यांची बोटं वाकली, मनगट हळूहळू आतल्या बाजूला वळलं. कपाळावर घाम आला होता. बाकांवर बसलेली माणसं आपापली कुत्री मांडीवर घेऊन त्या हाताकडे बघत होती. टेबलावरचं कुत्रंसुद्धा बसून राहिलं. माझी बस सुटणार हे मला कळत होतं आणि मी हललो नाही.

अर्ध्या तासानं पलीकडून सासूचा आवाज आला. वासरू बाहेर आलंय.

"नाकातला चिकटा काड. छाती चोळ. चोळ की जोरात. हलतंय?"

फोनमधून चोळण्याची खरखर ऐकू येत होती. मग सून म्हणाली, "न्हाई हलत. गाय उबी ऱ्हायली, डॉक्टर. वासरू न्हाई."

"गाईला कोंबट पानी पाज," डॉक्टर म्हणाले. "गूळ घालून. उद्या परत फोन कर." त्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. "मी आसतो तर दोनी जगली असती," म्हणाले.

ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून दोन्ही हात कोपरापर्यंत साबण लावून धूत राहिले, कोरडे, स्वच्छ हात. मग टॉवेलला पुसले आणि पुढच्या माणसाला म्हणाले, "आना, काय झालंय त्याला?"